विचार चालू असताना साहेबांना सांगावे का?

संस्थेत स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर झाली की परिपत्रक हातात पडल्यापासून अर्जाच्या अखेरच्या तारखेपर्यंत सगळ्या विभागांत एकच कुजबुज चालू असते. कोणाची किती रक्कम बसते, कोण जाणार, कोण राहणार, कोणावर जाण्याची वेळ आणली जाणार, याचे अंदाज बांधले जातात. पात्र असलेला प्रत्येक जण मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करत असतो आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आणखी एक प्रश्न रकमेच्या हिशेबाइतकाच छळत असतो. आपण या योजनेचा विचार करतो आहोत, हे आपल्या वरिष्ठांना आताच सांगायचे की नाही? न सांगावे तर मागाहून कळल्यावर ते दुखावतील, सांगावे तर उद्या आपण थांबायचे ठरवल्यावर आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतील याची खात्री नाही. हा प्रश्न बहुधा सौजन्याचा किंवा निष्ठेचा म्हणून मांडला जातो. माझ्या मते तो आधी अधिकाराचा आहे. विचार चालू आहे तोवर तो कर्मचाऱ्याचा स्वतःचा असतो, तो साहेबांच्या कानावर न घालणे ही लबाडी ठरत नाही, आणि ज्या योजनेत साहेबांना कळल्याशिवाय कर्मचाऱ्याला आपल्या रकमेचा साधा आकडाही मिळत नाही, ती योजना नावापुरतीच स्वेच्छेची आहे.

‘मी अर्ज करणार आहे’ आणि ‘मी अर्ज करावा का, याचा विचार करतो आहे’ ही दोन विधाने ऐकायला जवळची वाटली तरी त्यांचे परिणाम अगदी वेगळे असतात. पहिल्या विधानानंतर पुढची वाट ठरलेली असते. अर्ज, मंजुरी, कामाची सोपवणूक, कार्यमुक्तीचा आदेश. दुसऱ्या विधानानंतर कर्मचारी तळ्यात-मळ्यातच असतो, मात्र त्याच्याविषयी ऐकणाऱ्याचे मत तेवढ्यात तयार होते. शिवाय जो योजनेचा विचार करतो त्याला संस्थेचा कंटाळा आला आहे असे मुळीच नाही. घरातले आजारपण, मुलांचे शिक्षण, कर्जाचे उरलेले हप्ते, स्वतःची तब्येत, नवी नोकरी मिळण्याची शक्यता, आणि न गेल्यास पुढच्या वर्षी सक्तीची कपात होईल ही भीती, असे दहा धागे त्या विचारात गुंतलेले असतात. साहेबांना त्यांतला एकच धागा ऐकू येतो: हा माणूस जायला तयार आहे.

कायद्याने या बाबतीत दाखवलेला समंजसपणा लक्षात घेण्यासारखा आहे. २००० साली भारतातील सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आणल्या आणि सुमारे एक लाख कर्मचारी त्यांतून बाहेर पडले. अर्ज मंजूर करायचा की नाकारायचा याचा संपूर्ण अधिकार बँकांनी स्वतःकडे ठेवला होता, आणि कर्मचाऱ्याला मात्र एकदा दिलेला अर्ज मागे घेता येणार नाही, अशी अट घातली होती. अर्ज देऊन बसलेल्या काही जणांचे मन बदलले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २००२ च्या निकालात कराराच्या कायद्याचे मूळ तत्त्व लावले. बँकेची योजना म्हणजे प्रस्ताव मांडण्याचे निमंत्रण, कर्मचाऱ्याचा अर्ज म्हणजे प्रस्ताव. आणि समोरच्या पक्षाने स्वीकारण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेण्याचा हक्क प्रस्ताव मांडणाऱ्याला असतो. ज्यांनी योजनेचे पैसे स्वीकारले होते त्यांना अर्थातच मागे फिरता आले नाही. पण सही-शिक्क्यानिशी दिलेला अर्जसुद्धा मंजुरीपूर्वी परत घेता येतो, हे न्यायालयाने मान्य केले.

साहेबांच्या केबिनमध्ये बसून सहज बोललेले वाक्य मागे घेण्याची तरतूद मात्र कोणत्याही कायद्यात नाही, आणि ती करताही येणार नाही. कागदावरचा अर्ज रद्द झाला की फाईल बंद होते. ‘मध्यंतरी हे जायचा विचार करत होते’ ही नोंद कोणत्याच फाईलमध्ये नसल्यामुळे ती कोणाला खोडताही येत नाही. पुढच्या कार्यमूल्यमापनाच्या वेळी, बढतीच्या चर्चेत, नव्या जबाबदाऱ्या वाटताना ती कोणाच्या तरी डोक्यात असते. म्हणून मला वाटते की अर्ज देण्यापूर्वी जितका विचार करायचा, तितकाच तोंड उघडण्यापूर्वी करायला हवा, किंबहुना अधिकच.

परिचयातल्या एका लेखापाल बाईंचे उदाहरण या संदर्भात नेहमी आठवते. त्यांचे वरिष्ठ सज्जन होते, वर्षानुवर्षे दोघांनी एकत्र काम केले होते, आणि म्हणून योजना आली तेव्हा बाईंनी अगदी मोकळेपणाने त्यांना सांगितले की मी विचार करते आहे, अजून काही ठरलेले नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, शुभेच्छाही दिल्या. पुढच्या आठवड्यात नव्या लेखाप्रणालीच्या प्रशिक्षणासाठी नावे पाठवायची होती. त्या यादीत बाईंच्या जागी त्यांच्या हाताखालच्या मुलाचे नाव गेले. विचारल्यावर साहेब संकोचून म्हणाले, “तुम्हाला उगीच कशाला त्रास, म्हणून नाही घातले.” त्यात आकस नव्हता, सूडबुद्धी नव्हती, उलट थोडी काळजीच होती. बाईंनी शेवटी अर्ज केलाच नाही. प्रणाली बदलली तेव्हा विभागात ती येणारा माणूस दुसरा होता आणि जुन्या पद्धतीच्या जाणकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंना आपलेच काम हाताखालच्या मुलाला विचारून करावे लागले.

दुष्ट साहेबापासून सावध राहावे हे कोणालाही कळते, त्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही. इथे प्रश्न चांगल्या साहेबाचा आहे. तो कितीही चांगला असला तरी त्याच्या खुर्चीला काही कर्तव्ये चिकटलेली असतात. योजना जाहीर झाल्यावर वरून त्याला विचारले जाते की तुमच्याकडचे किती जण जातील असे वाटते, कोणाला सोडता येईल, कोणाला सोडता येणार नाही. त्या वेळी तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने दडवून ठेवली तर तो आपल्या कामात कसूर करतो, आणि सांगून टाकली तर तुमचा विश्वासघात करतो. ‘हे आपल्या दोघांतच राहू द्या’ असे म्हणून आपण त्याच्यावर उपकार करत नाही. त्याला कात्रीत पकडतो. आपल्या मनातला घोळ आपल्यापुरता ठेवणे हा या दृष्टीने साहेबांचाही विचार आहे, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

शिवाय त्याचा स्वतःचा स्वार्थही यात असतो, आणि तो दोन विरुद्ध दिशांनी ओढतो. भारतात स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१०सी) खाली सवलत मिळावी म्हणून योजनेला ज्या अटी घातल्या गेल्या, त्यांतली एक अशी होती की योजनेमुळे रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही आणि संस्थेचे एकूण मनुष्यबळ घटले पाहिजे. अशी अट लेखी असो वा नसो, अशा योजनांचा हेतूच मनुष्यबळ कमी करण्याचा असल्यामुळे व्यवहारात सगळीकडे तेच घडते. म्हणजे तुम्ही गेलात तर साहेबांच्या विभागातला माणूस तर जातोच, ते पदही जाते. काम तेवढेच राहते, हात कमी होतात. जो माणूस कामाचा आहे त्याला रोखण्याकडे साहेबांचा कल असणार हे उघड आहे. मग ‘तुमचा अर्ज मंजूर होईल असे वाटत नाही’, ‘पुढच्या वर्षी तुमचा विचार चालू आहे’ असली वाक्ये कानावर पडू लागतात. ज्याच्याविषयी साहेबांचे मत फारसे बरे नाही, त्याने मात्र ‘विचार करतो आहे’ असे नुसते म्हणण्याचा अवकाश, त्याला निरोपाची तारीख विचारली जाते. दोन्ही बाबतींत कर्मचाऱ्याच्या निर्णयात साहेबांचे वजन पडते, आणि ज्या निर्णयाच्या नावातच स्वेच्छा आहे त्यात हे वजन पडणे योग्य नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा निष्ठेचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या संस्थेने इतकी वर्षे पगार दिला, ज्या वरिष्ठाने अडीअडचणीला रजा दिली, चुका पोटात घातल्या, त्याला अंधारात ठेवणे बरे नव्हे, असे मानणारी माणसे आजही खूप आहेत आणि ती भाबडी नाहीत. कामाच्या ठिकाणी विश्वास नावाची गोष्ट असतेच, आणि सगळे संबंध करारनाम्याच्या कलमांत बसवता येत नाहीत. पण निष्ठेच्या नावाने जे मागितले जाते ते दोन्हीकडून सारखे मागितले जाते का, हे तपासून पाहिले पाहिजे. व्यवस्थापन जेव्हा अशा योजनेचा विचार करत असते, तेव्हा ते तो विचार कर्मचाऱ्यांना सांगते का?

या प्रश्नावर अमेरिकेतील न्यायालयांत प्रत्यक्ष खल झालेला आहे. फिलाडेल्फिया इलेक्ट्रिक कंपनीने १९९० मध्ये मुदतपूर्व निवृत्तीची अधिक लाभांची योजना आणली. त्याच्या थोडे आधी निवृत्त झालेल्या काही कर्मचाऱ्यांचे म्हणणे असे की आम्ही निवृत्त होण्यापूर्वी कंपनीत विचारणा केली होती आणि आम्हाला अशी काही योजना येणार असल्याची माहिती नाही असे सांगण्यात आले होते; खरे सांगितले असते तर आम्ही थांबलो असतो. अपील न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटले की विचारणाऱ्या कर्मचाऱ्याची दिशाभूल कंपनीला करता येणार नाही. पुढे १९९६ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयापुढे खरा पेच आला. कंपनीत तर सदैव कशा ना कशाचा विचार चालूच असतो. मग नेमका कोणता विचार कर्मचाऱ्यांना सांगण्याजोगा? न्यायालयाने तीन कसोट्या घातल्या. प्रस्ताव ठोस असला पाहिजे, त्याची चर्चा अंमलबजावणीच्या हेतूने चालू असली पाहिजे, आणि ती चर्चा अंमलबजावणीचा अधिकार असलेल्या वरिष्ठ व्यवस्थापनात चालू असली पाहिजे. या तिन्ही गोष्टी जुळून येत नाहीत तोवर, म्हणजे नुसती चाचपणी चालू आहे, सल्लागारांकडून आकडेमोड मागवली आहे, शक्याशक्यता पाहिली जात आहे तोवर, कंपनीवर काही उघड करण्याचे बंधन नाही. कर्मचाऱ्याचा माहितीचा हक्क आणि कंपनीची रोजचा कारभार चालवण्याची गरज यांचा मेळ घालण्यासाठी ही रेषा आखली, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

मला ही रेषा न्याय्य वाटते. प्रत्येक चाचपणी जाहीर करावी लागली तर कोणत्याही संस्थेला मोकळेपणाने विचारच करता येणार नाही. मग हाच न्याय खालच्या माणसाला का लावू नये? कर्मचाऱ्याच्या बाबतीतही विचार ठोस झाला आहे का, तो प्रत्यक्षात आणण्याच्या बेताने तो पावले टाकतो आहे का, आणि त्याच्या घरात ज्यांच्याशिवाय असा निर्णय होऊ शकत नाही त्यांची संमती झाली आहे का, हे तीन प्रश्न विचारून पाहावेत. तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर सांगण्याची वेळ जवळ आली असे समजावे. तोवर कर्मचाऱ्याची आकडेमोड ही कंपनीच्या सल्लागाराच्या आकडेमोडीइतकीच खासगी आहे. संचालक मंडळाच्या बैठकीतील चर्चेला गोपनीयता म्हणायचे आणि कर्मचाऱ्याच्या घरातील चर्चेला लपवाछपवी म्हणायचे, हा दुटप्पीपणा झाला. त्याच निकालाची दुसरी बाजूही तितकीच लागू पडते. न सांगणे वेगळे आणि दिशाभूल करणे वेगळे. गप्प राहण्याचा हक्क मिळाला म्हणून खोटे बोलण्याचा मिळत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. सगळेच गप्प राहिले तर अखेरच्या दिवशी अर्जांचा गठ्ठा येतो, विभाग एका झटक्यात ओस पडतो आणि मागे राहिलेल्यांची दैना होते. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले. भारत संचार निगमची स्वेच्छानिवृत्ती योजना २०१९ मध्ये ४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरपर्यंत खुली होती. पन्नास वर्षांवरील कर्मचारी पात्र होते. साधारण दीड लाखाच्या मनुष्यबळातून ७८ हजारांहून अधिक जणांनी ती स्वीकारली आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ते सेवेतून बाहेर पडले. निम्मी संस्था एका संध्याकाळी घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तारा कोण जोडणार, ग्राहकांच्या तक्रारी कोण घेणार, हा प्रश्न खराच होता. पण त्या योजनेत गुपित असे काय होते? पात्रतेचे वय जाहीर होते, पात्र असलेल्यांची यादी संस्थेकडे होती, अर्ज दररोज येत होते आणि त्यांचा आकडा वरिष्ठांना दररोज कळत होता. विभाग ओस पडले ते कर्मचाऱ्यांनी साहेबांना आधी सांगितले नाही म्हणून पडले नाहीत. योजनेचा हेतू, तिचा वेग आणि सगळ्यांना एकाच तारखेला सोडण्याचा निर्णय ही कारणे वरची होती. नियोजनासाठी संस्थेला किती जण जाणार याचा अंदाज हवा असतो, आणि तो नावे न विचारताही काढता येतो. एखाद्या माणसाच्या मनात अजून न ठरलेल्या गोष्टीवर नियोजन उभारायचे म्हटले तर ते नियोजनही कच्चेच राहणार.

इतके म्हटल्यावर कोणी असे समजेल की साहेबांना कधीच सांगू नये, असा माझा आग्रह आहे. तसा तो नाही. काही प्रसंगी सांगणे शहाणपणाचे असते आणि ते प्रसंग ओळखता आले पाहिजेत.

योजनेच्या अर्जाचा नमुनाच नीट पाहावा. पुष्कळ ठिकाणी त्याच्या तळाशी ‘नियंत्रक अधिकाऱ्याची शिफारस’ असा चौकोन असतो, त्यात ‘मंजुरीस हरकत नाही’ किंवा ‘सेवेची आवश्यकता आहे’ यांपैकी एक लिहायचे असते, आणि अर्ज ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ म्हणजे साहेबांच्या टेबलावरूनच पुढे जातो. असा चौकोन असेल तर तुमचा निर्णय झाल्यानंतर आणि अर्ज देण्यापूर्वी साहेबांशी बोलणे भाग आहे. ज्याच्या एका शेऱ्यावर मंजुरी अवलंबून आहे त्याला ती बातमी आवक-जावक कारकुनाकडून कळणे कोणाच्याच हिताचे नाही. पात्रतेविषयी शंका असेल आणि तिचे उत्तर साहेबांखेरीज कोणीच देऊ शकत नसेल, तर तेही कारण पुरेसे आहे. मात्र बहुतेक वेळा ते उत्तर मनुष्यबळ विभागाकडे असते, आणि ‘साहेबांनाच विचारा’ असे सांगून तो विभाग आपली जबाबदारी झटकत असतो.

दुसरा प्रसंग, जाण्याचे कारण दूर होण्यासारखे असते तेव्हाचा. एखाद्याला पैसा नको असतो, बदली हवी असते, किंवा आठवड्यातले काही दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली तर तो आनंदाने राहणार असतो. अशा वेळी योजनेचा उल्लेखही न करता थेट ती मागणी करावी, असे माझे मत आहे. योजनेचे नाव घेतले की मागणी धमकीसारखी वाटू लागते; शिवाय मागणी मान्य झाली तरी ‘हे जाणार होते, आपण थांबवले’ ही भावना दोघांच्या मनात कायमची राहते. तोंडी मिळालेल्या आश्वासनावर विसंबून योजनेची मुदत जाऊ देणे हे तर शुद्ध वेडेपण आहे. मुदत कागदावर असते, आश्वासन हवेत असते. मुदत टळल्यावर ज्या साहेबांनी शब्द दिला त्यांचीच बदली झालेली असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

आणि कधी कधी, जे फारसे कोणाच्या मनात येत नाही, साहेब स्वतःच योजनेला पात्र असतात. पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याचे वरिष्ठही बहुधा त्याच वयाचे असतात आणि रात्री घरी बसून तीच आकडेमोड करत असतात. ज्याच्याशी निष्ठा राखायची म्हणून आपण मन मोकळे केले, त्याच्या खुर्चीवर दोन महिन्यांनी दुसराच कोणी बसलेला असतो आणि जाताना पहिल्याने आपल्याविषयीची माहिती कामकाजाचा भाग म्हणून त्याच्या हवाली केलेली असते.

साहेबांनीच विचारले तर? माझ्या मते सर्वांत नाजूक जागा हीच आहे. ‘तुम्ही काय ठरवले?’ असे समोरून विचारल्यावर ‘छे छे, माझा काही विचार नाही’ असे सांगून पुढच्या आठवड्यात अर्ज देणे हा सरळ खोटेपणा झाला आणि त्याने पुढची शिफारसपत्रेही कडू होतात. पण खरे बोलण्यासाठी सगळे बोलावे लागत नाही. ‘परिपत्रक सगळ्यांनी वाचले आहे, तसे मीही वाचले आहे, काही ठरले तर अर्ज देण्यापूर्वी तुमच्या कानावर घालीन’ एवढे वाक्य पुरेसे आहे, कारण ते खरे आहे, आणि दिलेला शब्द पाळता येण्यासारखा आहे. अर्थात तो शब्द मग पाळला पाहिजे. याउपर साहेब खोदून विचारू लागले, पुन्हा पुन्हा केबिनमध्ये बोलावू लागले, ‘तुमच्या वयाच्या माणसाने विचार करायला हरकत नाही’ असे सुचवू लागले, तर ती चौकशी राहत नाही, दबाव होतो. तेव्हा त्या भेटींच्या तारखा आणि बोललेली वाक्ये स्वतःपाशी लिहून ठेवावीत आणि संघटना असेल तर तिला कळवावे.

विचारासाठी वेळ आणि सल्ला हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, ही कल्पना काही ठिकाणी कायद्यातच उतरली आहे. अमेरिकेत १९९० च्या एका कायद्यानुसार, चाळीस किंवा त्याहून अधिक वयाच्या कर्मचाऱ्यांना सामूहिक योजनेतून सोडताना वयाधारित भेदभावाचा दावा न करण्याची हमी लिहून घ्यायची असेल, तर त्यांना विचारासाठी किमान ४५ दिवस द्यावे लागतात, सही केल्यावरही ७ दिवसांत मन बदलण्याची मुभा ठेवावी लागते आणि वकिलाचा सल्ला घ्या असे लेखी सुचवावे लागते. या सगळ्या तरतुदींत वरिष्ठाशी बोलण्याची अट कुठेच नाही. सल्ला घ्यायचा तो संस्थेबाहेरच्या, आपल्या बाजूने विचार करणाऱ्या माणसाचा, हे त्यात गृहीत धरलेले आहे. सानुग्रह रकमेवर, म्हणजे योजनेखाली मिळणाऱ्या एकरकमी पैशांवर, कर किती, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे त्यात धरलेले आहेत की वेगळे, निवृत्तिवेतनावर काय परिणाम होतो, वैद्यकीय विमा किती काळ चालू राहतो, या प्रश्नांना साहेब जी उत्तरे देतात ती बहुधा ऐकीव असतात. हे प्रश्न करसल्लागाराला आणि पूर्वीच्या योजनेतून बाहेर पडलेल्या सहकाऱ्याला विचारावेत. त्या सहकाऱ्याकडून एक गोष्ट विशेष कळते, ती म्हणजे जाहीर केलेल्या रकमेपैकी प्रत्यक्ष हातात किती आले आणि केव्हा आले.

म्हणून या विषयात संस्थांकडे काही मागायचे असेल तर मोकळ्या संवादाची भाषणे मागू नयेत, दोन-तीन साध्या व्यवस्था मागाव्यात. योजना जाहीर होताच प्रत्येक पात्र कर्मचाऱ्याला, त्याने मागितले असो वा नसो, त्याच्या नावाचा हिशेबतक्ता बंद पाकिटात किंवा त्याच्या स्वतःच्या लॉगिनवर मिळावा. सगळ्यांना मिळाला की कोणी मागितला यावरून कोणाविषयी काही ताडता येणार नाही. शंकानिरसनासाठी विभागाच्या साखळीबाहेरचा एक माणूस नेमावा आणि त्याच्याकडे कोण आले याची नोंद विभागप्रमुखांना देऊ नये. विभागप्रमुखांना मुदत संपेपर्यंत फक्त आकडा कळावा आणि नावे मुदतीनंतर कळावीत. नाकारलेल्या किंवा मागे घेतलेल्या अर्जाची कोणतीही खूण सेवापुस्तकात राहू नये आणि शिफारशीचा तो तळचा चौकोन अर्जावरून काढून मंजुरीच्या वेगळ्या टिपणीत न्यावा, म्हणजे ‘सेवेची आवश्यकता आहे’ असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला त्याखाली त्याचे कारणही लिहावे लागेल आणि ते कर्मचाऱ्याला वाचायला मिळेल.